दोन्ही टोकं मोकळी असलेली लाईन

विजेचा खांब कुठे रोवायचा हे कुणीतरी बसून ठरवतं, हे लोकांना ठाऊकच नसतं. त्यांना वाटतं खांब उगवतात. अंबरनाथला शिवमंदिराच्या बाजूला आमचं घर आहे. तिथल्या शेजारणीने मला एकदा सरळ विचारलं, "अगं, तू इंजिनिअर ना? मग दिवसभर उन्हात काय करत फिरतेस?" मी म्हटलं, खांब मोजते. तिने बिचारीने ते खरं मानलं आणि तेव्हापासून ती माझ्याकडे जरा दयेने बघते.

माझं काम साधं आहे, म्हणजे सांगायला साधं. दोन खांबांत अंतर किती ठेवायचं, मे महिन्यात तार तापली की मध्ये किती झोळ पडेल, त्या झोळाखालून गवताने भरलेला ट्रक निघेल की अडकेल, वळणावरच्या खांबाला मागून ताण कुठे द्यायचा, हे आधी जमिनीवर चालत जाऊन बघायचं आणि मग कागदावर काढायचं. एका खाजगी ठेकेदाराकडे मी हे करते. उल्हासनगरात यातलं अर्धं काम भांडणाचंच असतं. "मॅडमजी, खंभा थोडा आगे लगाओ ना, बोर्ड दिखना चाहिए," असं दुकानदार म्हणतो. तो पुढे घ्यावा तर पुढचा म्हणतो, मी काय पाप केलंय? आज तारेपासून लांब असलेली गॅलरी पुढच्या दिवाळीला तारेच्या कुशीत आलेली असते, आणि वर मलाच विचारतात की तार इतक्या जवळून का नेली. चोराच्या उलट्या बोंबा. चिखलोलीच्या नव्या इमारतीवाल्यांना तर तारा डोळ्यांसमोर नकोच असतात, सगळं जमिनीखाली हवं.

म्हणून बदलापूरच्या पुढे, बारवीकडच्या एका पाड्याचं काम आलं तेव्हा मी खूश झाले. ना बोर्ड, ना गॅलऱ्या. शिवाय अर्धं काम झालेलं होतं. काही वर्षांपूर्वी कुणा दुसऱ्याच ठेकेदाराने खांब रोवून तारा ओढून ठेवल्या होत्या, मग काम बंद पडलं होतं. जुनी लाईन तपासायची, लागेल तिथे बदल सुचवायचे, पाड्यापर्यंत नेऊन जोडायची, एवढंच. काम का बंद पडलं ते मी विचारलं. "अॅक्सिडेंट झाला होता, माणूस खांबावरून पडला," असं कळलं. लाईन चार्ज नव्हती, म्हणजे तिच्यात वीज सोडलेलीच नव्हती, त्यामुळे विजेचा संबंध नाही, असंही कळलं.

भाद्रपद होता, गणपती नुकते गेले होते. झिमझिम पाऊस होता आणि दरीत धुकं बसलेलं. माझ्याबरोबर आमचे जुने लाईनमन होते. ते विठ्ठलवाडीचे, माझ्याहून थोडे मोठे, मी त्यांना भाऊ म्हणते. निवृत्तीनंतर ते आमच्याकडे येतात आणि माझ्या प्रत्येक नकाशात एक तरी खोट काढतात. गाडी रस्त्यावर ठेवून आम्ही भातखाचरांच्या बांधावरून चालत गेलो आणि धुक्यातून पहिला खांब पुढे आला. मग दुसरा, मग तिसरा. तीन तारा नीट ओढलेल्या होत्या, झोळही बरोबर. पण पहिल्या खांबाच्या अलीकडे काहीच नव्हतं आणि शेवटच्या खांबाच्या पलीकडेही काही नव्हतं. दोन्ही टोकं मोकळी. जंगलात सुरू होऊन जंगलातच संपणारी लाईन मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

"मॅडम," भाऊ म्हणाले, "तार आहे अजून."

ते काय म्हणत होते ते मला कळलं. आपल्याकडे बेवारस पडलेली अॅल्युमिनियमची तार एक पावसाळा टिकत नाही. भंगारवाल्यांकडे पोचतेच. इथे ती वर्षानुवर्षं जशीच्या तशी होती. एका खांबाला एक लांब बांबू टेकवलेला होता. त्याच्या टोकाला तारेने विळा बांधलेला, आणि त्या सगळ्यावर शेवाळ चढलेलं. कुणीतरी तार कापायला आला होता, आणि बांबू तिथेच टाकून गेला होता.

त्याच्या पुढच्या खांबाला शेंदूर फासलेला होता. माणसाच्या उंचीपर्यंत लाल, पायाशी नारळाच्या करवंट्या, कोंबडीची पिसं, पावसाने विरघळलेलं कुंकू. वर धुक्यात कसलीतरी गुणगुण चालली होती. कुणीतरी तोंड मिटून, एकाच सुरात, दम न घेता गुणगुणावं तशी. मी छत्रीची दांडी घट्ट धरली आणि बोटांना मुंग्या आल्या. सैल धरली, गेल्या. पुन्हा घट्ट धरली, पुन्हा आल्या. जणू आतून कुणी हळूच नख लावतंय. मी घाबरले. खोटं कशाला सांगू? आयुष्य विजेत गेलेली बाई मी, पण दोन पावलं मागे सरले.

"खालून जाऊ नका, बाय," असा आवाज आला.

पाड्याचा भगत होता. म्हातारा, डोक्यावर प्लास्टिकची गोण, हातात कोयता. त्याच्या मागे एक वाळकी बाई उभी होती. तो म्हणाला, "तारंत हाये त्यो. पाखरू बी बसत नाय हिच्यावर."

"तो काय कोतवाल बसलाय," मी वर दाखवलं. खरंच काळा कोतवाल शेपटी हलवत तारेवर बसला होता.

म्हाताऱ्याने वर बघितलंसुद्धा नाही. "त्ये पाखरू नाय," तो म्हणाला.

मागची वाळकी बाई म्हणजे मेलेल्या माणसाची आई. तिचा मुलगा पाड्यातलाच, लाईनच्या गँगमध्ये मजुरीला लागला होता, अंगाने हलका म्हणून त्याला खांबावर चढायला शिकवलं होतं. याच शेंदूर लावलेल्या खांबावर चढला, वर त्याने तारेला हात लावला आणि खाली आला. अंगावर भाजल्याची खूण नाही. डॉक्टरांनी सांगितलं, पडून गेला. ठेकेदाराने सांगितलं, लाईन बंद होती. मग धडधाकट पोरगा पडला कसा? पाड्याने आपलं उत्तर शोधलं. त्याला बायकोने खाल्लं. ती भुताळी आहे.

"पुरावा काय?" मी विचारलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

पुरावा होता. नवऱ्याने पहिल्या मजुरीतून तिला बदलापूरच्या बाजारातून स्टीलचा मोठा हंडा आणला होता. बाकीच्या बायका प्लास्टिकच्या घागरी वापरायच्या. ही हंडा डोक्यावर घेऊन या तारांखालून विहिरीकडे जायची आणि हंड्याला बोट लागलं की चटका बसायचा, ठिणगी पडायची. इतर बायकांनी बघितलं होतं. हंडा फक्त तिलाच चावत होता. आणि काय पुरावा हवा?

तेव्हापासून तिने तारांखालून जायचं नाही, असं ठरलं होतं. ती लाईन म्हणजे तिची वेस. पाडा लाईनच्या एका बाजूला, तिची झोपडी दुसऱ्या बाजूला. आणि तिची मुलगी पाड्यात, आजीकडे. पोर तेव्हा दुपट्यातून नुकती उतरलेली, आता शाळेत जाते. आई लाईनच्या पलीकडे उभी राहते, पोर अलीकडे. सासू सुनेशी त्या दिवसापासून एक शब्द बोललेली नव्हती. आणि भात कापून झालं की भगताच्या शब्दावर हिला इथूनही कायमची हाकलायची, असं पाड्यात बोलणं झालं होतं.

परतताना आम्ही मुद्दाम पलीकडच्या बाजूने आलो. ती झोपडीच्या दारात उभी होती. पस्तिशीचीही नसेल. तो हंडा दाराशी पालथा, घासून लख्ख केलेला. तिने मला काम विचारलं नाही, दिवे कधी येणार तेही विचारलं नाही. म्हणाली, "बाय, तुमी शिकलेल्या. मी त्याला खाल्लं नाय, असं कुनीतरी एकदा म्हना. मग हाकलू देत. पोरीनं तरी तसं ऐकायला नको."

भाऊंनी चक्क डोळे पुसले.

धुकं उठलं आणि मला दिसलं. जुन्या लाईनच्या अगदी बाजूने, उंचावरून, एक मोठी टॉवरलाईन जात होती. लोखंडी मनोऱ्यांची, एका शहराची वीज दुसऱ्या शहराला नेणारी. धुक्यात ती दिसली नव्हती. गुणगुण तिची होती. दमट हवेत ती गुणगुणतेच.

कुणीतरी माझ्यासारख्यानेच ही लाईन टॉवरलाईनला चिकटून, तिच्या समांतर नेली होती. का, ते मला तिथल्या तिथे कळलं, कारण तो मोह मलाही झाला असता. टॉवरलाईनखाली झाडं आधीच तोडलेली असतात. तिथून खांब नेले की जंगलखात्याकडे झाडांसाठी हेलपाटे नकोत. आमच्या धंद्यात याला हुशारी म्हणतात. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. मोठ्या लाईनच्या शेजारून लांबपर्यंत दुसरी तार टांगून ठेवली, तर तिला कुठूनही न जोडता तिच्यात वीज उतरते. शेजारच्या घरी तळणाचा घमघमाट सुटला की आपल्या पडद्यांना वास लागतो, तसं. मग ती तार हात लावणाऱ्याची वाट बघत बसते. झटका फार मोठा नसेलही. पण खांबाच्या टोकावर, एका हाताने धरलेल्या माणसाचा हात सुटायला लहानसा झटका पुरतो. भाजल्याची खूण राहत नाही. चोराचा बांबू ओला होता, त्यालाही बसला असणार. माझी छत्री, तिचा हंडा, सगळं त्यातलंच.

म्हणून नियम असा आहे की लाईन बंद असली तरी तिला हात लावण्याआधी जमिनीत खिळा ठोकून साखळीचं एक टोक त्याला बांधायचं आणि दुसरं टोक कोरड्या काठीने तारेवर टाकायचं. तारेत जे काही असेल ते साखळीतून जमिनीत जातं. प्रत्येक लाईनमनला हे पाठ असतं. आणि प्रत्येक गँगमध्ये कधी ना कधी कुणीतरी म्हणतं, "अरे, लाईन चार्जच नाही, साखळी कशाला?"

ऑफिसात मी सांगितलं, जुनी लाईन पाडायची, नवी मी जंगलाच्या कडेने आडवी नेते. झाडांची परवानगी काढावी लागेल, वेळ जाईल, पण तारेत भूत राहणार नाही. ते मान्य झालं. माझं काम खरं तर तिथे संपत होतं. भाऊ म्हणाले, "मॅडम, कागदावर ठीक आहे. पण पाड्याला कोण सांगणार?" आणि तेच पुढे म्हणाले, "सांगून कोण ऐकणार? दाखवावं लागेल."

तसं आम्ही भात कापणीच्या आधी पुन्हा गेलो, रीतसर परवानगी घेऊन. दिवस कलला होता, आभाळ भरून आल्यामुळे अंधारल्यासारखं झालं होतं, आणि भाऊंना तेच हवं होतं. पाडा लाईनच्या अलीकडे जमला. भगत पुढे. सासू एका दगडावर बसली, पदर तोंडाला लावून. पोर तिने घरीच ठेवली होती. सून पलीकडे आपल्या बाजूला उभी होती, एकटी.

मी सगळ्यांना आधी लाईनची दोन्ही टोकं दाखवून आणली. "बघा. कुठे जोडलीय? कुठेच नाही ना?" सगळ्यांनी माना डोलावल्या. भाऊंनी गाडीतून पिशवी आणली, हातमोजे घातले, शेंदूर लावलेल्या खांबापासून जरा लांब खिळा ठोकला. साखळीचं टोक बांधलं. मग सगळ्यांना मागे सारून, दुसरं टोक लांब काठीच्या आकड्यात अडकवून वर नेलं. वर ती गुणगुण चालूच होती.

साखळी तारेला टेकायच्या आधीच 'चट्' झालं. निळी ठिणगी. सगळ्यांनी बघितली. भाऊंनी काठी मागे घेतली, पुन्हा नेली. पुन्हा चट्. बायका किंचाळल्या. मला माहीत होतं काय होणार, कागदावर मांडून आले होते, तरी माझ्या अंगावर काटा आला. कुठेच न जोडलेली, कुणी वीज न सोडलेली तार, आणि आत खरंच काहीतरी होतं. इतकी वर्षं होतं. रात्रंदिवस.

"म्हंजी हाये की," भगत शांतपणे म्हणाला. "मी काय येगळं बोललो व्हतो?"

माझा पारा चढला. "आहे! आहेच!" मी ओरडलेच. "पण तारेत आहे, आजोबा, तिच्यात नाही! आणि ते तिने नाही आणलं. माझ्यासारख्या एका शिकलेल्या शहाण्याने कागदावर रेघ मारली, त्या रेघेने आणलं. त्या पोराचा हात तारेला लागला तेव्हा हे त्याला चावलं. तेच हंड्याला चावायचं. तुमच्या घागरी प्लास्टिकच्या, म्हणून तुम्हाला नाही चावलं. आणा एक स्टीलचा हंडा, आणि जा कुणीही खालून!"

कुणी हललं नाही. भाऊंनी तिसऱ्यांदा साखळी वर नेली आणि या वेळी ती तारेवर टाकून सोडून दिली. पुन्हा एक चट्, मग काही नाही. तशीच बाकीच्या दोन तारांवरही. "आता बघा," ते म्हणाले, आणि सरळ शिडी लावून वर चढले आणि तारेवर हात ठेवला. तसाच ठेवला. खाली बघून हसलेसुद्धा, पण ते हसू फार काही जमलं नाही.

मी पलीकडे बघितलं, तर ती जागेवर नव्हती. ती तारांखालून चालत येत होती. हंडा नाही, डोक्यावर काही नाही, अनवाणी. पाड्यातल्या कुणीही तिला अडवलं नाही. ती माझ्याकडे आली नाही, सासूकडेही गेली नाही. साखळीपाशी गेली. खाली वाकून, हात न लावता, बराच वेळ बघत राहिली.

"ही तर व्हती," ती म्हणाली.

"काय होती?" मी विचारलं.

"अशीच साखळी. त्या दिवशी. मी त्याला भाकर घिऊन आलेली, पोर कडेवर. टेम्पोत पडलेली व्हती ही. पोर रडत व्हती म्हनून मी तिला टेम्पोत बसवली. हिच्यासंगं खेळली ती. वाजवत बसली." तिचा आवाज अगदी सपाट होता. "त्यो वर व्हता तवा ही पोरीच्या मांडीवर व्हती."

भाऊ शिडीवरून खाली उतरत होते, ते मधल्या पायरीवरच थांबले.

इतकी वर्षं तिला लोकांनी सांगितलं होतं, तू खाल्लंस, आणि ती ठामपणे नाही म्हणत होती. आता पहिल्यांदा तिच्या तोंडावर मला ती शंका दिसली. तिने माझा हात धरला, घट्ट, नखं रुतेपर्यंत. "बाय, पोरीनं घेतली नसती तर त्यांनी वर टाकली असती का?"

"नाही," मी म्हटलं. तिच्या डोळ्यांत बघून म्हटलं. "नाही गं. बिलकूल नाही."

"मॅडम खरं बोलतात," भाऊ म्हणाले. "मी असल्या टेम्पोंत जन्म काढलाय. बंद लाईन म्हटली की ती साखळी कोणी खाली उतरवत नाही. पोर नसती तरी ती तिथेच पडून राहिली असती."

ते खरं आहे. मला ते तेव्हाही माहीत होतं, आजही माहीत आहे. पण तिने माझा हात सोडला नाही. ती त्या साखळीकडेच बघत होती, आणि तिच्या मनात ती पोरीच्या मांडीवर वाजत होती, हे मला तिच्या बोटांतून कळत होतं. मी तिच्या अंगावरून एक भूत उतरवलं होतं आणि दुसरं चढवलं होतं. मला तिथे रडू फुटलं. फार विचित्र दिसत असेन, हेल्मेट घालून रडणारी बाई.

दगडावरची सासू उठली. तिला उठायला वेळ लागला. ती हळूहळू आमच्यापर्यंत आली आणि सुनेच्या समोर उभी राहिली. सगळा पाडा बघत होता. मला वाटलं, आता मारते की काय. तिने पदराने सुनेचं तोंड पुसलं, पोराबाळांचं पुसतात तसं, जरा दांडगाईनेच.

"पोरीला यातलं काय बी सांगायचं नाय," ती म्हणाली. "कंदी बी नाय. चल घरी."